फोकस कुठाय, बॉस?

सोमवार, सकाळचे दहा. तुम्ही सगळे ऑफिसात कॉफीचा मग घेऊन मेल उघडताय. आणि मी? फ्रीलान्सर मंडळींचं काय, मस्त चाललेलं असतं, असा तुमचा एक गोड गैरसमज आहे, म्हणून खरं ते सांगून टाकते. मी एका कॅमेऱ्याची वाट बघतेय. जो अजून आलेलाच नाही!

साधासुधा नाही हं. रोल टाकायचा कॅमेरा. हो हो, तोच, छत्तीस फोटोंवाला. रोल संपला की धुवायला द्यायचा, मग आठवडाभर जीव टांगणीला. फक्त त्यात ऑटोफोकस हवा. आणि नवा हवा, कोणाच्या तरी मामाच्या कपाटातून निघालेला नको.

"अगं, खिशात एवढा महागाचा फोन आहे ना?" हे वाक्य मला आई, बाबा, रूममेट आणि माझा एडिटर अशा सगळ्यांनी ऐकवून झालंय. त्यावर माझ्याकडे हुशार उत्तर नाही. पण एक फोटो आहे.

घड्याळ एकदम शार्प!

गोष्ट २०२२ च्या दिवाळीची. आमचं आजोळ चिपळूणला. ओटीवर बाकावर आजी आणि आबा शेजारी शेजारी बसलेले, दोघांच्या मध्ये फराळाचं ताट. आबा नवा सदरा घालून एकदम टेचात. माझ्या हातात नुकताच घेतलेला सेकंडहँड ऑटोफोकस कॅमेरा, नव्वदच्या दशकातला. कंपनीचं नाव सांगत नाही, बिचारीचा काही दोष नव्हता. रोलचा शेवटचा फोटो उरलेला.

"अगं ए, उरक की. चहा निवतोय," आबा म्हणाले. आजी त्यांच्याकडे बघून हसली. मी दोघांना बरोब्बर मधोमध घेतलं आणि दाबलं बटण. खट्! कॅमेऱ्यातला हिरवा दिवा लागला होता. म्हणजे फोकस झाला. मी खूश!

रोल धुऊन आला नोव्हेंबरात. दोघांच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ असं काही शार्प आलं होतं की विचारू नका. पाच वाजून दहा मिनिटं. काट्याची सावलीसुद्धा दिसत होती. शेजारच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येत होत्या. आणि पुढे दोन धुरकट माणसं.

"पुढच्या वेळी नीट काढू," मी फोनवर म्हटलं. फेब्रुवारीत आबा गेले.

तर असं आहे. त्यामुळे माझ्यासाठी 'ऑटोफोकस' हा कॅमेऱ्याच्या खोक्यावर छापलेला नुसता एक शब्द नाही.

त्याने विचारलं कोणाला?

हा फोटो घेऊन मी बोरा बझारात गेले. फोर्टातली ही गल्ली ज्यांना माहीत नसेल त्यांनी एखाद्या शनिवारी जाऊन या, कॅमेऱ्याच्या दुकानांनी भरलेली आहे. तिथे दुरुस्ती करणारे एक काका आहेत. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "कॅमेरा ठणठणीत आहे. मध्यभागी काय होतं? भिंत. त्याने भिंत घेतली. तुम्ही त्याला सांगितलंत का, की माणसं घे म्हणून?"

मग त्यांनी मला जे शिकवलं ते तुम्हालाही सांगते, फुकटात. त्या काळातल्या बऱ्याच छोट्या ऑटोफोकस कॅमेऱ्यांच्या पुढच्या बाजूला दोन बारीक खिडक्या असतात. एकीतून डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशाचा किरण बाहेर पडतो, समोरच्या वस्तूवर आपटतो, आणि दुसऱ्या खिडकीत परत येतो. तो कुठल्या कोनातून आला यावरून कॅमेरा अंतर काढतो. शाळेतला त्रिकोण, दुसरं काही नाही! कॅननने १९७९ मध्ये 'एएफ ३५ एम' या मॉडेलात ही युक्ती वापरली आणि मग ती सगळीकडे पसरली. त्याच्या दोन वर्षं आधी, १९७७ मध्ये, कोनिकाचा 'सी ३५ एएफ' आला होता. बाजारात आलेला तो पहिला ऑटोफोकस कॉम्पॅक्ट. पोलरॉइडने तर १९७८ मध्ये चक्क वटवाघळाची आयडिया उचलली. आवाजाच्या लहरी सोडायच्या आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. काचेच्या खिडकीपलीकडचं काही टिपायचं असेल तर मात्र पंचाईत, कारण आवाज काचेवरूनच परत!

आता गंमत बघा. किरण जातो तो फ्रेमच्या मध्यातून. दोन माणसं शेजारी बसली की मध्ये असते फट. किरण सुळकन फटीतून मागच्या भिंतीवर. हिरवा दिवा लागतोच, कारण कॅमेऱ्याला काहीतरी सापडलेलं असतं. काय सापडलं, ते तो सांगत नाही.

यावर उपाय इतका सोपा आहे की मला स्वतःची लाज वाटली. आधी एकाच माणसाचा चेहरा मध्यभागी घ्यायचा. बटण अर्धं दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं, म्हणजे फोकस लॉक. मग कॅमेरा हवा तसा वळवून बटण पूर्ण दाबायचं. बस्स! दोन सेकंदांचं काम. चहा काही तेवढ्यात निवला नसता.

मोबाइलवर ही चूक झाली असती तर तिथल्या तिथे स्क्रीनवर दिसली असती आणि मी लगेच दुसरा फोटो काढला असता. रोलमध्ये ती सोय नाही. चूक कळते तेव्हा दिवाळी संपलेली असते. म्हणून रोलच्या कॅमेऱ्यातला ऑटोफोकस फोनपेक्षा जास्त भरवशाचा हवा. आणि बाजारात आज बहुतेक जे मिळतं ते तीस वर्षांपूर्वीचं. कसं जमायचं?

जुनं ते सोनं? हं...

"मग जुना चांगल्यातला घे ना," असं तुम्ही म्हणाल. चांगल्यातला म्हणजे काय भाव आहे माहितीये? कॉन्टॅक्स टी २ हा १९९० चा टायटॅनियम बॉडीचा कॅमेरा. २०१७ मध्ये केंडल जेनर अमेरिकेतल्या 'टुनाइट शो'मध्ये तो घेऊन आली आणि त्याचे भाव जे उडाले ते उडालेच. हजार डॉलरच्या घरातली वस्तू झाली ती. बरं, एवढे पैसे मोजून घेतला आणि बंद पडला तर? क्योसेरा कंपनीने २००५ मध्ये कॉन्टॅक्सचा कारभार गुंडाळला. पार्ट आणणार कुठून?

माझ्या कॅमेऱ्याचं तेच झालं. २०२३ च्या पावसाळ्यात एके दिवशी लेन्स बाहेर आली ती आत जाईचना. काकांनी उघडून पाहिला. आतली कागदासारखी पातळ पट्टी, जिच्यावर सगळं सर्किट छापलेलं असतं, ती तडकली होती. "पूर्ण मेकॅनिकल असता तर ठोकून-घासून चालू केला असता," काका म्हणाले. "हा इलेक्ट्रॉनिक. याला मेलेला दुसरा आणा, त्यातनं पार्ट काढू." म्हणजे एका आजारी कॅमेऱ्यासाठी आणखी एक आजारी कॅमेरा विकत घ्यायचा!

मोठ्या कंपन्यांनी तर या दुकानाला कधीच टाळं लावलं. कॅननने 'ईओएस-१ व्ही'ची विक्री थांबवल्याचं २०१८ मध्ये जाहीर केलं. निकॉनचा 'एफ ६' हा २००४ चा कॅमेरा म्हणजे रोलवाल्या ऑटोफोकस एसएलआरमधला शेवटचा शिलेदार. तोही २०२० मध्ये बंद झाला.

आणि मग आली बातमी

आता ट्विस्ट! माझा तो धुरकट फोटो हातात पडला त्याच्या पुढच्याच महिन्यात, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये, पेंटॅक्सने जाहीर केलं की आम्ही पुन्हा फिल्म कॅमेऱ्यावर काम सुरू करतोय. आधी कॉम्पॅक्ट, पुढे एसएलआर, असा बेत होता. मी जागच्या जागी उडाले! दीड वर्ष रोज बातम्या चाळल्या. जून २०२४ मध्ये कॅमेरा आला, पेंटॅक्स १७. दिसायला भारी. हाफ फ्रेम, म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो. रीळ पुढे न्यायला अंगठ्याने ओढायची लिव्हर, आणि ती पुन्हा जमवायला कंपनीने आपल्या निवृत्त इंजिनीअरांना विचारून घेतलं होतं. वाचून डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पण ऑटोफोकस? नाही. अंतराची सहा चिन्हं आहेत, फूल, माणूस, डोंगर वगैरे. अंदाज आपण करायचा आणि रिंग फिरवायची.

आता माझा अंदाज कसा आहे ते माझ्या बँक बॅलन्सवरून कळेलच तुम्हाला.

मग त्याच वर्षी हाँगकाँगच्या मिंट कंपनीने 'रोलाय ३५ एएफ' काढला. मूळ रोलाय ३५ हा १९६६ चा, तळहातात मावेल एवढा, पण अंतर नजरेने ठरवायचं. नव्यात ३५ मिमीची एफ/२.८ काचेची लेन्स आणि ऑटोफोकससाठी लायडार! आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये लोमोग्राफीने 'एमसी-ए' जाहीर केला. धातूची बॉडी, ३२ मिमीची एफ/२.८ लेन्स, ऑटोफोकस आहे आणि हाताने अंतर ठरवायची सोयही.

लायडारची भानगड भारी आहे. इथे त्रिकोण नाही, वेळ मोजायचा. प्रकाश सोडला, आपटून परत आला, किती वेळ लागला? दोन मीटरवरच्या माणसापर्यंत जाऊन यायला प्रकाशाला लागतात जेमतेम १३ नॅनोसेकंद. एवढं बारीक मोजणारी चिप पूर्वी कोण बसवणार होतं रोलच्या कॅमेऱ्यात? पण २०२० पासून आयपॅड प्रो आणि आयफोन प्रोमध्ये लायडार आला, असले सेन्सर छोटे झाले, आवाक्यात आले. ज्या फोनने रोलच्या कॅमेऱ्याचा गळा दाबला, त्याच फोनची विद्या आता त्याला उठवून बसवतेय. है ना फिल्मी?

मात्र एक लक्षात ठेवा. लायडार अंधारातही अंतर मोजेल, सेकंदाच्या आत मोजेल. पण दोघांमधल्या फटीतून भिंत गाठायची असेल तर तीही तितक्याच झटक्यात गाठेल!

माझी विशलिस्ट

म्हणून पुढचा जो कोणी ऑटोफोकस फिल्म कॅमेरा आणणार असेल त्याच्यासाठी ही यादी. पेंटॅक्स असो नाहीतर आणखी कोणी, बघा जमतंय का.

एक. हिरवा दिवा नको, आकडा सांग. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसू दे, '२ मीटर' की '४ मीटर'. आबा दोन मीटरवर आणि कॅमेरा म्हणतोय चार, म्हणजे गडबड आहे हे मला बटण दाबायच्या आधी कळेल. अशक्य आहे म्हणू नका. निकॉनच्या १९९३ च्या '३५ टीआय'मध्ये वरच्या बाजूला मनगटी घड्याळासारखी तबकडी होती आणि त्यातला एक काटा फोकसचं अंतर दाखवायचा. तीस वर्षांपूर्वी काट्याने जमलं, ते आज स्क्रीनला जमू नये?

हे इतकं महत्त्वाचं का, तर हिशेब सांगते. ३५ मिमीची लेन्स, एफ/२.८ वर उघडी, माणूस दोन मीटरवर. शार्प येणारा पट्टा साधारण पावणेदोन मीटरपासून सव्वादोन मीटरपर्यंत. अर्धा मीटर फक्त! उन्हात एफ/८ वर हाच पट्टा जवळजवळ दीड मीटरपासून सव्वातीन मीटरपर्यंत पसरतो आणि आपल्या चुका पोटात घालतो. म्हणजे फोकस चुकतो कुठे? घरात, संध्याकाळी, कमी उजेडात. जिथे आपली माणसं बसलेली असतात तिथेच.

दोन. ऑटोफोकस बंद करायचा पर्याय. कॅमेरा गोंधळला तर मी स्वतः 'दोन मीटर' ठरवीन, विषय संपला.

तीन. फ्लॅशची स्मरणशक्ती. जुन्या कितीतरी कॅमेऱ्यांत फ्लॅश बंद केला तरी कॅमेरा मिटून उघडला की स्वारी पुन्हा चालू. देवघरात समईच्या उजेडात फोटो काढायचाय आणि फाट्! सगळं पांढरं. एकदा नाही म्हटलं की नाही.

चार. रीळ हातानेच ओढू दे. एक मोटर कमी म्हणजे बिघडायची एक गोष्ट कमी. शिवाय दोन फोटोंच्या मध्ये विचार करायला एक क्षण मिळतो.

पाच. पार्ट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, की पुढची इतकी वर्षं याचे पार्ट मिळतील. मेगापिक्सेलचा आकडा इथे नाहीच, मग हाच आकडा छापा.

सहा. किंमत. पेंटॅक्स १७ अमेरिकेत पाचशे डॉलरला आला, तोही ऑटोफोकसशिवाय. रोलाय आठशेच्या आसपास. म्हणजे कुरिअर आणि ड्युटी सोडली तरी सत्तर हजारांच्या घरात! आणि खर्च तिथे थांबत नाही. माझ्या शेवटच्या रोलचा हिशेब सांगते. रोल, धुलाई, स्कॅनिंग मिळून अठराशे रुपये. एका फोटोला पन्नास. धुरकट आला तरी पन्नासच!

यातला कुठलाही मुद्दा 'वेगवान फोकस' असा नाही, हे आलं का लक्षात? मला धावत्या चित्त्याचे फोटो काढायचे नाहीत. मला दोन म्हातारी माणसं नीट यायला हवीत, एवढंच.

पण सांगायचं वेगळंच होतं

ही यादी मी गेल्या महिन्यात फोनवर आजीला वाचून दाखवली. (होय, ती ऐकून घेते. माझे सगळे लेख तिला फोनवर ऐकावे लागतात.) ती म्हणाली, "हा कॅमेरा येणार कधी?"

"माहीत नाही गं. दोन वर्षं, तीन वर्षं... येईल."

"बरं," आजी म्हणाली. मग थोडं थांबून, "मला चौऱ्याऐंशीवं लागलंय."

सहज म्हणाली हो. ठेवणीतला टोमणा वगैरे नव्हता. पण मी फोन ठेवला आणि मनातल्या मनात वर्षं मोजली. २०२२ पासून मी 'बरोबर कॅमेरा'ची वाट बघतेय. फीचर्स पाठ आहेत, अफवा पाठ आहेत, कुठल्या लेन्सला किती काचा ते विचारा. आणि या सगळ्या वर्षांत आजीचा रोलवर एकही फोटो काढलेला नाही. एकही! 'पुढच्या वेळी नीट काढू' हे वाक्य मी आबांना एकदा म्हटलं होतं. आजीला तर मी ते न बोलता रोजच म्हणतेय.

तर निर्णय झालाय. येत्या शनिवारी चिपळूणला निघतेय, बाबांच्या कपाटातला कोडॅक केबी १० घेऊन. नव्वदच्या दशकात तुमच्याही घरी असेल कदाचित. त्यात ऑटोफोकस नाही, मॅन्युअल फोकस नाही, काहीच नाही. लेन्स एकाच जागी पक्की. फार जवळ जायचं नाही आणि भरपूर उजेड ठेवायचा, की झालं. वस्तरा घेऊन कापल्यासारखं शार्प काही येणार नाही. पण भिंत की माणूस हा प्रश्नच त्याला पडत नाही.

नवा कॅमेरा आला की घेईनच, हप्त्याने का होईना. वाट बघणं सोडलेलं नाही. फक्त वाट बघताना हातावर हात ठेवून बसणं सोडलंय. तुमच्याकडेही अशी एखादी यादी असेलच. चांगला कॅमेरा आला की, मोठं घर झालं की, प्रमोशन झालं की... त्या यादीतलं एखादं माणूस या वीकेंडला गाठा. हातात जो कॅमेरा असेल तो चालेल. फोनसुद्धा!

आणि हो, त्या धुरकट फोटोचं काय झालं? मी तो लपवून ठेवला होता. आजीने मागच्या खेपेला शोधून काढला आणि फ्रेम करून त्याच घड्याळाखाली लावला. मी म्हटलं, "आजी, अगं काय हे, आबा ओळखूसुद्धा येत नाहीयेत त्यात."

आजी म्हणाली, "मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मला ते असेच तर दिसायचे. बरोब्बर आलाय फोटो."

चला, बॅग भरायचीय. भेटू पुढच्या आठवड्यात!